‘माझ्या हातात काही नव्हतं’ हे कधी खरं असतं?

लोलक२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, नीट मांडता येईल की नाही माहीत नाही, पण टंकतोच. विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे एक छोटी टीम आहे आणि अधूनमधून प्रत्येकाशी बसून कामाचा आढावा घ्यावा लागतो. त्यात एक प्रकार आता मला पाठ झालाय. जे चांगलं झालं ते ‘मी केलं, मी सांभाळलं, मी थांबून पूर्ण केलं’, आणि जे फसलं ते आपोआप फसलं... उशीर झाला, मेल राहून गेली, समोरून उत्तरच आलं नाही, ऐनवेळी सगळं बदललं. करणारा कोणीच नाही. आणि हे फक्त नव्या पोरांचं नाही हां, माझ्या वरची मंडळी यात पीएचडी करून बसलीत.

दुसरीकडे मोबाईल उघडला की कोणीतरी बाह्या सरसावून सांगत असतं की पहाटे उठा, कारणं देणं बंद करा, तुमच्या आयुष्यात जे काही आहे त्याला शंभर टक्के तुम्हीच जबाबदार. खरं सांगू, मला या लोकांचा पहिल्यांपेक्षा जास्त राग येतो. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, दोन ठिकाणी राबावं लागतंय, अशा माणसाला हे ऐकवायला काय जातं?

जरा शोधलं तर कळलं की ज्युलियन रॉटर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्येच यासाठी प्रश्नावली बनवली होती, विधानांच्या २९ जोड्या, प्रत्येकीतलं एक निवडायचं, त्यावरून कळतं की माणूस घडणाऱ्या गोष्टींचं श्रेय आणि दोष स्वतःकडे घेतो की नशीब, वरचे लोक, परिस्थिती यांच्याकडे देतो. गंमत म्हणजे १९७५ मध्ये त्यानेच लेख लिहून बजावलं की पहिले ते चांगले आणि दुसरे ते वाईट अशी विभागणी करू नका. तरी आज तेवढंच शिल्लक राहिलंय.

तर प्रश्न असा, की तुम्ही ही रेघ कुठे मारता? स्वतःच्या बाबतीत आणि हाताखालच्या माणसाच्या बाबतीत, दोन्हीकडे.

सरळवाट

धागा चांगला आहे पण माझं उत्तर दोन ओळींचं आहे. एकच ऑफिस, एकच साहेब, तीच अडचण, आणि त्यात एक माणूस काहीतरी शिकून पुढे जातो, दुसरा तिथेच बसून कुरकुरतो. मग फरक परिस्थितीचा कसा? नाचता येईना अंगण वाकडं, हे आपल्याकडे उगाच नाही म्हणत.

तिसरी_बाजू

सरळवाट, अंगण खरंच वाकडं असू शकतं हो. म्हण नाचणाऱ्यावर आहे म्हणून अंगण कोणी मोजायला जात नाही एवढंच.

एडवर्ड्स डेमिंग हे नाव कारखान्यात काम केलेल्यांनी ऐकलं असेल, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी उद्योगांना दर्जाचं शास्त्र शिकवायला गेलेला माणूस. तो आपल्या चर्चासत्रात एक खेळ करायचा. एका खोक्यात ४००० मणी, त्यातले ३२०० पांढरे, ८०० लाल. समोरच्यांतून काही जणांना ‘कामगार’ म्हणून उभं करायचं, हातात ५० खळग्यांची फळी द्यायची, ती मण्यांत बुडवून वर काढायची. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे खराब. आता बघा, खोक्यातच पाचातला एक लाल, म्हणजे प्रत्येक खेपेला साधारण दहा लाल येणारच, कोणाला सात येतील, कोणाला तेरा. पण डेमिंग मुकादम बनून उभा राहायचा आणि सात आलेल्याची पाठ थोपटायचा, तेरावाल्याला झापायचा, पुढच्या खेपेला कालच्या हिरोला जास्त लाल आले की ‘डोक्यात हवा गेली’ म्हणायचा. भिंतीवर घोषणा लावायचा. शेवटी निकृष्ट कामगारांना काढून ‘उत्तम’ कामगारांना जास्त काम द्यायचा. आणि लाल मणी तेवढेच.

हे पाहून हॉलमधले लोक हसायचे म्हणे, पण आपापल्या ऑफिसात परत गेल्यावर तेच करायचे. लोलक२ तुम्ही ज्या आढाव्याबद्दल लिहिलंय त्यातल्या किती गोष्टी लाल मणी आहेत हे तुम्ही कधी तपासलंय का? मी तुमच्यावर टीका करत नाहीये, पण जबाबदारीची भाषा नेहमी वरून खाली वाहते, खालून वर जाताना कधी पाहिली नाही.

दुपारची_डुलकी

उद्या साहेबांना सांगते, सर माझी चूक नाही, माझ्या फळीत लाल आले 😂

सरळवाट

हेच होतं मग. एकदा का मण्यांची गोष्ट सांगितली की प्रत्येकाचा प्रत्येक मणी लाल. तिसरी_बाजू, खेळ मान्य, पण त्या खेळातल्या माणसाला निवडायला काही ठेवलेलंच नाही, फळी बुडव आणि काढ. खऱ्या कामात निवड असते. फोन करायचा की नाही, आधी विचारायचं की नंतर सांगायचं, मसुदा एकदा वाचून पाठवायचा की तसाच ढकलायचा. हे कोणत्या खोक्यातून येतं?

तिसरी_बाजू

बरोबर आहे, यावर भांडणार नाही. म्हणूनच विचारलं की तपासलंय का. आधीच ठरवू नका, एवढंच म्हणणं.

उशिराची_पाळी

मी नर्स आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी फार पुस्तकी नाही. आमच्या क्षेत्रात चूक झाली की पहिला प्रश्न असायचा ‘ड्यूटीवर कोण होतं?’ नाव मिळालं की मेमो, मेमो दिला की विषय संपला. मी पूर्वी जिथे होते तिथे दोन इंजेक्शनच्या बाटल्या जवळजवळ सारख्या दिसायच्या, तेवढीच उंची, त्याच रंगाचं झाकण, आणि ठेवायच्याही शेजारी शेजारी. चुकीची बाटली हातात येणं हे आलटून पालटून सगळ्यांचं व्हायचं, बहुतेक वेळा देण्याआधी लक्षात यायचं, पण सांगायचं कोणी नाही, कारण सांगितलं की नाव लागणार. म्हणजे सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कागदावर कुठेच नव्हती.

विमान क्षेत्रात यावर फार आधी डोकं लावलंय. अमेरिकेत १९७६ पासून एक व्यवस्था आहे, वैमानिक वगैरे लोक आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग कळवतात, तो अहवाल नासा गोळा करते, म्हणजे विमान खात्याचे नियम लावणारे लोक तो थेट हाताळतच नाहीत. आणि चूक मुद्दाम केलेली नसेल, गुन्ह्याचा किंवा अपघाताचा मामला नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल तर सहसा दंडातून सूट मिळते. लोक कळवतात याचं कारण हे. उपदेश करून कोणी कळवत नाही हो.

पण सरळवाट यांच्या बाजूनेही एक सांगते. बाटल्या वेगळ्या कप्प्यांत ठेवल्या म्हणून लेबल वाचायचं थांबवून चालत नाही. नव्या मुलींना मी दोन्ही सांगते, कप्पा चुकीचा असेल तर इन्चार्जला लिहून कळव, आणि कळवून झाल्यावरही प्रत्येक वेळी लेबल तूच वाचायचंस. यातलं एकच करणाऱ्या दोन्ही प्रकारच्या नर्स मी पाहिल्यात. दोघींचीही भीती वाटते.

रातकिडा_९

+१ उशिराची_पाळी ताई.

आमच्या प्रॉडक्शनवाल्यांत टोयोटाच्या दोरीची गोष्ट प्रसिद्ध आहे. लाईनवरच्या कुठल्याही कामगाराला काही गडबड दिसली तर डोक्यावरची दोरी ओढायची. ओढली की लगेच लाईन बंद पडते असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही, आधी दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचायच्या आत प्रश्न सुटला तर लाईन चालूच राहते, नाही सुटला तर थांबते. आता बऱ्याच ठिकाणी दोरीच्या जागी बटण आलंय.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं की तिथे कामगाराला ‘दर्जाची जबाबदारी तुझी’ असं सांगितलंय आणि त्याचबरोबर लाईन थांबवायचा हक्कही दिलाय. बाकीच्यांनी काय केलं तर दोरी बसवली, वर बोर्ड लावला, आणि पहिल्यांदा ज्याने ओढली त्याला सगळ्यांदेखत विचारलं की ‘कशाला ओढलीस?’ झालं, त्यानंतर ती दोरी शोभेची.

लोलक२, तुमच्या रेघेच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. एखाद्या माणसाकडे ते थांबवायचा, बदलायचा किंवा निदान वर कळवून उत्तर मिळवायचा अधिकार होता का? होता आणि वापरला नाही तर जबाबदारी त्याची. नव्हता तर ज्याने तो दिला नाही त्याची.

कुंपणावरचा

ऑफिसचं ठीक आहे, पण स्वतःचं काय? माझा साहेब मीच असेन तेव्हा? मला कोणी अडवलेलं नाही, अधिकार सगळा माझा, तरी व्यायाम होत नाही, घेतलेला ऑनलाईन कोर्स पडलाय, आणि शिस्तीवरचे व्हिडिओ मात्र रोज बघतो. बघताना इतकं बरं वाटतं की जणू काहीतरी केलंच. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे तर इतक्या वेळा ऐकलंय की बाविसाव्या दिवशी आपणच नालायक असं वाटायला लागतं.

उशिराची_पाळी

कुंपणावरचा, तो २१ चा आकडा एका प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकातून पसरला. मॅक्सवेल माल्ट्झ. त्याचं निरीक्षण होतं की रुग्णाला आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला किमान साधारण २१ दिवस लागतात. ‘किमान’ गळालं, ‘चेहरा’ गळाला, राहिलं काय तर २१.

नंतर लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर नीट पाहिलं, रोज एक छोटी गोष्ट ठरलेल्या वेळी करायची. ती आपोआप व्हायला लागायला मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ पर्यंत. शिवाय एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही असंही दिसलं. म्हणजे बाविसाव्या दिवशी नालायक वगैरे काही नाही.

सरळवाट

व्हिडिओ बघून बरं वाटतं यावर मात्र बोलणार. हा सगळ्यात सभ्य आळस आहे. गादीवर लोळणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण लोळतोय. याला वाटतं आपण ‘स्वतःवर काम’ करतोय. नवी वही, नवं ॲप, नवा प्लॅन, आणि प्लॅन इतका सुंदर की त्याला हात लावायची इच्छा होत नाही.

कुंपणावरचा

दुखलं राव. पण खरंय.

फळा_पुसणारी

मी शिक्षिका, उशिरा आलेय धाग्यावर, वरचं सगळं वाचून काढलं.

कुंपणावरचा, ‘उद्यापासून व्यायाम’ असं म्हणू नका. ‘सकाळी चहा संपला, कप विसळला, की बूट घालायचे’ असं ठरवा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं यावर बरंच काम आहे, ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं आधीच ठरवलेले लोक नुसता निश्चय केलेल्यांपेक्षा जास्त वेळा ते करतात. निश्चयाचं बळ कुठून आणायचं या भानगडीत पडायचंच नाही. तसंही ‘इच्छाशक्ती वापरली की संपत जाते’ ही एकेकाळी फार गाजलेली कल्पना, ती २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा तपासली तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. लोक अजूनही वाद घालतात त्यावर, पण मला तरी त्या ‘टाकी’वर विसंबायला नको वाटतं.

आता मुलांबद्दल. ‘बुद्धी वाढवता येते असं मुलांना पटवा’ हे मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांचं म्हणणं सगळ्या शाळांत पोचलंय, कमीत कमी भिंतीवरच्या तक्त्यांत तरी. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापला गेला. तासाभरापेक्षा कमी वेळाचा ऑनलाईन पाठ, त्याने मागे पडलेल्या मुलांच्या सरासरी ग्रेडमध्ये ०.१० ची वाढ. कोणी म्हणेल एवढंच? मी म्हणेन तासाभरात एवढं? पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडली. ज्या शाळांत सोबतची मुलंही अवघड प्रश्नाला भिडायला तयार होती तिथे उपयोग दिसला, जिथे तसं वातावरण नव्हतं तिथे तो विरला. म्हणजे एका पोराच्या डोक्यात कितीही चांगला विचार घाला, शेजारच्या बाकावरचे हसणार असतील तर ते पोर हात वर करत नाही. हे मला रोज दिसतं, त्यासाठी अभ्यासाची गरज नव्हती म्हणा.

दुपारची_डुलकी

सगळे ऑफिस आणि शाळाच बोलताय, घरातल्या कामाबद्दल कोणी बोलणार आहे का? आमच्याकडे दर रविवारी हाच वाद. ‘सगळं मीच करते’ आणि ‘मी काय करत नाही सांग’.

यावर १९७९ मध्ये कॅनडात मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं की अमुक कामात तुमचा वाटा किती. दोघांच्या उत्तरांची बेरीज केली तर बहुतेक ठिकाणी शंभराच्या वर. मी नवऱ्याला हे विजयी मुद्रेने वाचून दाखवणार होते, तर पुढे लिहिलेलं की भांडण उकरून काढण्यासारख्या वाईट गोष्टींतसुद्धा लोकांनी स्वतःचा वाटा जास्त सांगितला, चांगल्या कामांइतका नाही पण सांगितला. म्हणजे सगळंच श्रेय लाटणं नसतं, आपण केलेलं आपल्याला आठवतं आणि दुसऱ्याने केलेलं आपल्यासमोर घडतच नाही. सिलिंडर संपत आलाय हे लक्षात ठेवणं हे काम आहे की नाही? ते कोणाला दिसतं?

लोलक२, तुमच्या टीममधला ‘मी केलं, मी केलं’ म्हणणारा कदाचित खोटं बोलत नसेल.

लोलक२

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद अपेक्षित नव्हते. डुलकीताई, तुमचा शेवटचा मुद्दा मी खरंच या बाजूने पाहिला नव्हता.

रातकिडा यांच्या अधिकाराच्या मुद्द्यावरून एक आठवलं ते जोडतो. ‘हातात काही नाही’ ही भावना शिकली जाते असं मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून मांडलं होतं. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके काही केल्या थांबवता येत नव्हते, त्यांतली बरीच पुढे सुटता येईल अशा जागीही बसून राहायची. (प्रयोग क्रूरच, आज कोणी करू देणार नाही.) पण जवळपास ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी लिहिलं की आमचा सिद्धांत उलटा होता. त्रास लांबला की हातपाय गाळून बसणं हा मेंदूचा मूळचा प्रतिसाद आहे, ते शिकावं लागत नाही. शिकावं लागतं ते हे की माझ्या करण्याने फरक पडतो.

हे वाचल्यापासून माझ्या टीममधल्या त्या ‘मेल राहून गेली’वाल्या मुलाकडे मी वेगळ्या नजरेने बघतोय. आधीच्या ठिकाणी त्याला प्रत्येक मेल साहेबांना दाखवून पाठवावी लागायची असं तोच एकदा म्हणाला होता. म्हणजे माझ्या करण्याने फरक पडतो हे शिकायची संधी त्याला मिळाली कधी? आता त्याला मी एक लहान काम पूर्ण देणार आहे, कोणाशी बोलायचं, कधी पाठवायचं, कुठे नाही म्हणायचं, सगळं त्याचं. मध्ये मी हात घालणार नाही. आणि आढाव्याच्या फॉर्ममध्ये ‘चूक कोणामुळे झाली’ हा रकाना आहे तो काढून दोन रकाने करायचा विचार आहे, यात तुला काय ठरवता येत होतं, आणि काय ठरवता येत नव्हतं.

सरळवाट

प्रयोग म्हणून ठीक. पण दुसरा रकाना पहिल्यापेक्षा तिप्पट लांब भरला जाणार, लिहून घ्या.

रातकिडा_९

भरू दे की. लांब रकाना आला तर त्यातल्या किती गोष्टी लोलक२ साहेबांना ठरवता येत होत्या तेही कळेल. फक्त एक करा, त्या पोराने हाती घेतलेल्या कामात पहिली चूक केली की सगळ्यांदेखत ‘कशाला केलंस’ विचारू नका.

तिसरी_बाजू

आणि फॉर्म आधी तुम्ही स्वतःचा भरा, टीमला वाचायला द्या. वरच्या मंडळींकडून तर काही येणार नाही, निदान तुमच्यापासून तरी खाली उदाहरण जाऊ दे.

लोलक२

हे जरा अवघड आहे. रकाना दोन भरायला मजा येईल, एक नंबरचं बघतो.

कुंपणावरचा

अवांतर: बूट घालून बसलोय. कप विसळायचा राहिलाय.

सरळवाट

@कुंपणावरचा, कप राहू दे. निघ.